कापडाची विमानं

भाद्रपदात कागद बिघडतो. शाळेतून तपासायला आणलेल्या वह्या दोन दिवसांत फुगतात, पानं मऊ पडतात, लाल पेनानं खूण केली की शाई इकडून तिकडं फुटते. माझ्याबरोबरच्या शिक्षिका या दिवसांत हिरव्यागार माळव्याचे फोटो एकमेकींना पाठवतात, धबधब्याला सहली काढतात. मला मात्र कागदच दिसतो. सुदामा नगरातल्या माझ्या घरी खिडकीपाशी ब्याऐंशी वर्षांचे बाबा पेपर वाचत बसलेले असतात, तो पेपरही दमटच. "यंदाही झांक्या निघणार म्हणे," ते वाचून सांगतात. दर वर्षी सांगतात. मी दर वर्षी "हो का" म्हणते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.

ज्यांनी इंदूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अनंत चतुर्दशीला आमच्याकडं गिरण्यांच्या झांक्या निघतात. ट्रॉल्यांवर उभे केलेले, दिव्यांनी सजवलेले हलते देखावे. गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी झांक्या निघतात. जुने कामगार आणि आता त्यांची मुलं वर्गणी काढतात, रंग आणतात, पुठ्ठे कापतात. सगळं शहर बघायला जमतं, टाळ्या वाजवतं. हेच शहर गिरणीचं फाटक बंद झालं त्या दिवशी एक तासभर जरी असं रस्त्यावर उभं राहिलं असतं तर, असं माझ्या मनात येतं. पण असलं बोललं की लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही फार कडवट बोलता. असेन कडवट. आमच्या घरी गणपती बसत नाही, आम्ही बौद्ध. पण झांकी गिरणीची असते, देवाची नव्हे, असं बाबा म्हणायचे आणि झांकीतल्या हत्तींचे, राक्षसांचे, राजेमहाराजांचे डोळे दर वर्षी बाबाच रंगवायचे. डोळा हे शेवटचं काम. ते त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं असायचं.

बाबा गिरणीच्या डिझाइन खात्यात ट्रेसर होते. चित्रकार कागदावर फूल काढतो. ते कापडावर छापायचं तर आधी कुणीतरी पारदर्शक कागदावर, एकेका रंगाचं वेगवेगळं, काळ्या शाईत उतरवून द्यावं लागतं. ते बाबांचं काम. जसंच्या तसं उतरवायचं, असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. छापताना कापड यंत्रावर लांबीच्या बाजूनं ताणलेलं असतं. धुऊन सुकलं की ते आटतं, आणि आटलं की त्यावरचं गोल फूल चपटं होतं. म्हणून ट्रेसरनं ते आधीच जरासं लांबट काढून ठेवायचं. किती लांबट, ते कापडाच्या जातीवर. साध्या सुती कापडाला बाबांचं माप होतं वितीमागे दोन सूत, म्हणजे वीतभर फुलाला पाव इंच. नुसत्या डोळ्यांना हे कळतही नाही. "कागदावर खोटं काढायचं, कापडावर ते खरं होतं," असं बाबा सांगायचे. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. बोटांत कापड चोळून बघायचं आणि ठरवायचं. गिरणीत याला अंदाज म्हणत, आणि वानखेडेंचा अंदाज म्हटला की इंजिनिअर लोकसुद्धा पुढं वाद घालत नसत.

मग गिरणी बंद झाली. एका दिवसात नाही झाली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग 'काही दिवसांसाठी' असा कागद फाटकावर लागला आणि ते काही दिवस अजून संपलेले नाहीत. पेपरात तेव्हा रोज लिहून यायचं, देश मोकळा होतोय, बाहेरचा माल येणार, आपला माल बाहेर जाणार. आमच्या परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, तो पेपर हारफुलं बांधायला जायचा. आमच्या गल्लीतला एकजण भाजीची गाडी लावू लागला, एकजण रात्रपाळीचा चौकीदार झाला, एकजण सकाळी अंघोळ करून डबा घेऊन निघायचा आणि बंद फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसून परत यायचा. बाबा घरी बसले. डबा न्यायचे नाहीत, एवढाच फरक. चौकीदारी मी करणार नाही, म्हणायचे. माझ्या हातात कसब आहे, मी कुणाच्या दाराशी स्टुलावर बसणार नाही.

अशात एके दिवशी, आषाढाच्या सुरुवातीला, तुकोगंजचे दिनेशजी स्कूटरवरून आमच्या गल्लीत आले. त्यांचे आजोबा होळकरांच्या दरबारात कुणीतरी होते, घराण्याचा रुबाब बोलण्यात शिल्लक होता. बाकी धंदा स्क्रीन प्रिंटिंगचा. निवडणुकीचे कापडी बॅनर, शाळांचे झेंडे, असलं छापायचे. चिखलातून बूट सांभाळत आत आले, आईनं दिलेला चहा उभ्यानंच घेतला.

"काकाजी, एक फॉरेनची पार्टी हात लागली आहे," ते म्हणाले. "पहिल्या महायुद्धातली विमानं. त्यांच्या अंगावर जी निशाणी असते ना, गोल, पट्टे, नंबर, ते सब ट्रेस करून पाहिजे. फोटो त्यांनीच भेजले आहेत. छपाई मी बघून घेईन. ट्रेसिंगला मात्र तुमच्यासारखा हात इंदूरमध्ये दुसरा नाही, खरं सांगतो."

"मोठं काढायचं का लहान?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही आपले मोठे काढा, आरामात. मी कॅमेऱ्यानं लहान करतो. सगळी डिटेल या कागदांत लिहिली आहे. इंग्लिश आहे, बिटिया वाचून देईल. आणि काकाजी, हे काम पास झालं की तुम्ही आमच्याकडंच बसा. पक्के. असं काम आता येतच राहणार."

पक्के. या एका शब्दावर आमच्या घरात पुढचे दोन महिने चूल पेटली असं म्हटलं तरी चालेल. आईनं त्या दिवशी शिरा केला. बाबांनी कपाटावरची परकारपेटी काढली, रेघा ओढायच्या रुलिंग पेनची टोकं घासली, आणि मला समोर बसवून म्हणाले, "वाच."

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटीच; म्हणजे येते असं घरच्यांनी धरून चाललेलं होतं आणि मीही त्यांना धरू दिलं होतं. पहिलं पान सोपं होतं. विमानं दोन मजली पंखांची. आत बहुतेक लाकडाचा सांगाडा. आणि सांगाड्यावर, पंखांवर, अंगावर, सगळीकडं ताणून बसवलेलं जवसाच्या धाग्याचं कापड. हे वाचून दाखवताना मी पाहिलं, बाबा पुढं सरकून बसले.

"कापड?"

"हो. लिनन."

"विमानाला कापड? अगं, बघू." त्यांनी फोटो खिडकीपाशी नेले. भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिले. मग आईला हाक मारली. "अगं ए, इकडं ये. कापडाची विमानं! लढाईत कापडाची विमानं नेत होते लोक, आणि आम्हाला सांगतात कापडाला भाव राहिला नाही!" त्या वर्षात बाबा पहिल्यांदा मोकळे हसले ते तेव्हा. गल्लीत ज्याला त्याला त्यांनी ते फोटो दाखवले, आणि या खुणाही कापडावरच छापायच्या हे धरूनच टाकलं.

दुसरं पान अवघड होतं. बारीक अक्षर, ओळीत चार शब्द न कळणारे. ते कशावर लावायचंय, केवढं करायचंय, काय करायचं नाही, असलं काहीतरी होतं. मला कळेना. आणि कळत नाही असं म्हणवेना. डिक्शनरी होती घरात, ती आणून बसले असते तर तासाभराचं काम होतं. पण बाहेर मैत्रीण सायकल घेऊन उभी होती, आणि खरं सांगायचं तर बापासमोर एकेक शब्द शोधत बसायची मला लाज वाटली.

"पुढं?" बाबा म्हणाले.

"बाकी सगळं तेच आहे बाबा."

"कापड कुठल्या बाजूनं ओढलंय ते लिहिलंय का?"

मी पानावरून नजर फिरवल्यासारखं केलं. "लांबीच्या," म्हटलं आणि चप्पल घातली.

एवढंच झालं. पुढं जे जे झालं ते या दोन वाक्यांतून झालं. दुसऱ्या पानावर काय होतं ते मला दीड-दोन महिन्यांनी समजलं. त्या खुणा कापडावर छापायच्याच नव्हत्या. हौशी लोक प्लास्टिकची छोटी विमानं जोडतात, शोकेसमध्ये ठेवतात, त्यांच्या अंगावर चिकटवायचे ते स्टिकर होते. पाण्यात भिजवून लावायचे. प्लास्टिक कुठं आटतं!

तो पाऊसकाळ मात्र छान होता, हे कबूल करायला जीभ जड होते. दोन ट्रंकांवर बाबांनी खिडकीची काच आडवी ठेवली होती, खाली बल्ब. वर फोटो, फोटोवर ट्रेसिंगचा कागद. हवा दमट, कागद सारखा वळायचा, मग बाबा तो बल्बच्या उबेवर धरून सपाट करायचे. आईला फोडणी द्यायची बंदी, तेलाचा थेंब उडाला तर कागद गेला. आम्ही महिनाभर उकडलेलं खाल्लं आणि कुणी कुरकुर केली नाही. चुकलेली रेघ बाबा अर्ध्या ब्लेडनं खरवडायचे, इतकी हलकी की कागदाला कळायचं नाही. गोलात गोल, त्यात गोल. शेपटीवरचे उभे पट्टे. अंगावरचे आकडे. कुणा वैमानिकानं हौसेनं काढून घेतलेली घोड्याची नाल.

एकदा मी विचारलं, फोटोत तर सगळं काळंपांढरं, मग बाहेरचं कडं निळं हे कशावरून? बाबा खूश झाले. त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळा उतरायचा आणि निळा फिका, हे त्यांना गिरणीच्या कॅमेरा खात्यातल्या म्हाताऱ्यानं कधीतरी सांगितलेलं होतं. एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा रंगवणारा डावखुरा होता. बघ, रेघ कुठून सुरू झालीय." फोटोखाली वैमानिकाचं नाव होतं, हुद्दा होता. चाकापाशी उकिडवा बसलेला एक माणूस होता, हाताला रंग लागलेला, त्याचं नाव नव्हतं. बाबा म्हणाले, "यानंच रंगवलं असणार. आपल्या खात्यातला माणूस." माझे पणजोबा महूच्या छावणीतून त्याच लढाईत बसऱ्याला गेले होते, ओझी वाहायला. परत आले. त्यांचा फोटो नाही, नंबर काय होता ते कुणाला माहीत नाही. ते बाबांनी त्या दिवशी सहज बोलता बोलता सांगितलं आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

गोल काढताना मात्र ते थांबायचे. परकारानं आधी खरा गोल काढायचे, फिक्या पेन्सिलीनं. मग त्याला लांबीकडून वाढवून, फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वळणाची पट्टी, लावून, शाईचा गोल. जवसाचं कापड त्यांनी कधी हाताळलं नव्हतं, ही एकच काळजी. कुठूनसा एका शिंप्याकडून लिननचा हातभर तुकडा मिळवला. तो भिजवला, वाळवला, मोजला. पुन्हा भिजवला. दोरीवर आठ दिवस तो तुकडा होता. शेवटी ठरवलं, वितीमागे दोन सूत. मी ते सगळं बघत होते. मलाही तेव्हा ते बरोबरच वाटत होतं, कारण मी स्वतःच सांगितलेलं खोटं मीही विसरून गेले होते.

काम पुरं झालं. दिनेशजींनी कागद उलटेपालटे करून पाहिले, वाहवा केली, घेऊन गेले. त्यांच्याही डोळ्यांना गोल गोलच दिसला. महिना गेला. बाबा रोज दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसायचे. स्वतः तुकोगंजला जाऊन विचारायचं नाही, असं ठरवलेलं. कामगारानं घाई केली की किंमत जाते, म्हणायचे. एके दिवशी मला म्हणाले, "कॉलेजातून येताना सहज डोकावून ये. सहज हं."

दिनेशजींच्या टेबलावर फॅक्स पडला होता. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, काकाजींनी काय केलं हे? सगळे गोल लांबट. एक न् एक! ते लोक माप लावून बघतात ना. प्लास्टिकच्या मॉडेलवर बसतच नाहीत. छोटं विमान, त्याला अंड्यासारखी निशाणी, कोण घेणार? इतकी साफ लाइन, आणि गोल लांबट. मला तर समजतच नाही."

मला समजलं. त्यांच्या तोंडून प्लास्टिक शब्द निघाला त्याच क्षणी समजलं.

"पार्टी नाराज आहे," ते म्हणाले. "पण बाकी कामावर खूश पण आहे. तू असं कर, काकाजींना सांग, एकदा येऊन भेटून जा. उद्या, परवा. बसून बोलू, काही रस्ता निघतो का बघू. विसरू नको हां."

तुकोगंजहून परदेशीपुऱ्यापर्यंत मी चालत आले. टेम्पोत बसले असते तर लवकर पोचले असते, म्हणून चालत. बाबा तिथं गेले की दिनेशजी प्लास्टिक म्हणणार. मग बाबा विचारणार, कागदात लिहिलं नव्हतं का? आणि तो कागद तर कामाबरोबर तिथंच परत गेलेला. सतरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात यापलीकडं काही शिरत नव्हतं. बाबांचं कसब, पक्की नोकरी, आई, काही नाही. माझं इंग्रजी उघडं पडेल, एवढंच.

बाबा ओट्यावर उभेच होते.

"गोल बरोबर आले नाहीत म्हणे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"लांबट आले. त्यांनी मापून बघितले. काम परत आलं."

"कापडावर छापून बघितलं? आटल्यावरही लांबट?"

इथं मला थांबता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

"भेटायला बोलावलंय का दिनेशनं?"

"नाही. काम दुसऱ्याला दिलं म्हणाले."

बाबा आत गेले. दोरीवरचा तो लिननचा तुकडा अजून होता, तो काढून त्यांनी बोटांत चोळून पाहिला. कितीतरी वेळ. मला वाटलं रागावतील, दिनेशजींना शिव्या देतील, निदान वाद घालायला निघतील. तसं काही झालं नाही. "कापड ओळखता नाही आलं मला," ते आईला म्हणाले. "बावीस वर्षं कापडात काढली आणि अंदाज चुकला." आई म्हणाली, असू दे, एखाद्या वेळी होतं. बाबा म्हणाले, "एखाद्या वेळी नाही. सगळेच्या सगळे चुकले."

अनंत चतुर्दशीला आठ दिवस उरले होते. दुपारी रामचरणजी आले, बाबांचे गिरणीतले दोस्त, पिंजण खात्यातले. वर्गणीची चोपडी काखेत, अंगावर चुन्याचे डाग.

"वानखेडे भिया, कब से राह देख रहे हैं," ते दारातूनच ओरडले. "हाथी पूरा तैयार खड़ा है, अंधा खड़ा है बिचारा. आँख तो तुम ही बनाओगे ना?"

"किसी और से बनवा लो, रामचरण."

"क्यूँ? तबियत ठीक नहीं?"

"अंदाज चला गया," बाबा म्हणाले.

रामचरणजी हसले. त्यांना ती थट्टाच वाटली. मग बाबांचा चेहरा पाहिला, आणि माझ्याकडं पाहिलं. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्या वेळी बोलले असते तर बाबांनी फार तर दोन मुस्काटात मारल्या असत्या, आणि पायात चपला सरकवून थेट तुकोगंज गाठलं असतं. मी तांब्या खाली ठेवला आणि अभ्यासाला बसले. हत्तीचे डोळे त्या वर्षी एका पोस्टर रंगवणाऱ्यानं काढले. मिरवणुकीत लोकांनी टाळ्या वाजवल्याच.

त्या वर्षानंतर बाबांनी रेघ म्हणून मारली नाही. तुकोगंजातल्या एका नर्सिंग होममध्ये त्यांना काम मिळालं. दाराशी स्टूल, हातात नंबर लिहिलेले पुठ्ठ्याचे चौकोन. आलेल्या रोग्याला एक द्यायचा, आत गेला की परत घ्यायचा. अठरा वर्षं त्यांनी ते केलं. नंबर झिजले की नर्स नवे लिहायची. बाबांनी कधी म्हटलं नाही की आणा, मी लिहितो. परकारपेटी त्यांनी मला देऊन टाकली, कॉलेजात लागेल म्हणून. बी.ए.ला परकार कशाला लागतो! पण मी ती घेतली, आणि थँक्यू म्हटलं.

मी आता शाळेत इंग्रजी शिकवते. हा विनोद मला एकटीलाच कळतो. मुलांना मी दर वर्षी पहिल्या दिवशी सांगते, न कळलेला शब्द विचारायची लाज बाळगू नका. आणि मुलं माना हलवतात, आणि विचारत नाहीत.

लोक म्हणतात, जुनं उगाळू नये. ज्यांचं जुनं सरळ गेलं त्यांनी हे म्हणावं. मी तर फोनवर मुद्दाम शोधून बघते. जगभरातली माणसं त्या विमानांवर अजून भांडतात. अमक्या विमानाच्या शेपटीचा पट्टा पांढरा होता की फिकट पिवळा, तमका आकडा पंखाच्या टोकापासून किती बोटं आत होता. फोटो मोठे करतात, सावल्या मोजतात, वर्षानुवर्षं पत्रं लिहितात. शंभर वर्षांपूर्वी जळून गेलेल्या कापडाच्या एका तुकड्याची ओळख पटावी म्हणून एवढी माया. आमच्या गिरणीच्या जागेवर आता प्लॉट पडलेत. डिझाइन खातं नेमकं कुठं होतं, हे मलाच दाखवता येणार नाही. तिथल्या हजारो माणसांना पितळेचा नंबराचा बिल्ला होता, फाटकावर देऊन आत जायचं. एकाही बिल्ल्यावरून कुणी भांडत नाही. मला त्या परदेशी माणसांचा राग येत नाही. ती आपलं काम नीट करतात. राग येतो तो कुणावर धरावा हेच नीट ठरत नाही. गिरणीच्या मालकावर धरला, सरकारवर धरला, दिनेशजींवर धरून पाहिला. फिरून फिरून तो माझ्याच दारात येतो.

गेल्या रविवारी दुपारी असंच शोधताना तो फोटो निघाला. चाकापाशी बसलेल्या माणसाचा. मी फोन बाबांपुढं धरला. त्यांनी चष्मा वर-खाली केला, आणि म्हणाले, "हे तर आपलं काम."

आणि मी सांगून टाकलं. इतकी वर्षं जपलेलं, इतकं सहज निघालं तोंडातून की मलाच नवल वाटलं. दुसरं पान मला वाचता आलं नव्हतं. कापड नव्हतंच बाबा, प्लास्टिक होतं. ओढायची बाजूसुद्धा मी ठोकून दिली होती. तुमचा अंदाज चुकला नव्हता.

मला वाटलं होतं, रडतील. किंवा जाऊ दे म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवतील. तसलंच काहीतरी मी मनात धरून बसले होते, वयानं पन्नाशी ओलांडली तरी. बाबांनी फोन माझ्या हातात परत दिला. खिडकीबाहेर बघत बसले. बोटं मांडीवर हलत होती, काहीतरी जुळवत असल्यासारखी.

"म्हणजे वाढवायचे नव्हतेच," ते म्हणाले. "नुसते परकाराचे गोल."

"हो."

"पेन्सिलीनं तेच तर काढले होते आधी. खाली तयारच होते." मग बोटांवर मोजलं. "चार दिवसांचं काम होतं, सुजाता. फार तर पाच. मी पुन्हा काढून दिले असते."

मी फोन पालथा ठेवला.

"दिनेश तसा माणूस वाईट नव्हता," बाबा म्हणाले. "त्यानं एकदा बोलवायला हवं होतं मला."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होईपर्यंत तेही सांगून टाकायला मला वेळ होता.

"हो ना बाबा," मी म्हटलं. "बोलवायला हवं होतं."